सुईण, नर्सबाई, आरोग्यदूत : बाळंतिणीजवळ कोण होते?

#थ्रेड #महाराष्ट्राचा_इतिहास

१/
डिसेंबर १९९९. 'द लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात गडचिरोली जिल्ह्यातील ३९ खेड्यांची हकीकत छापून आली. या खेड्यांत जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आत दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण तीन वर्षांत निम्म्याहूनही खाली आले होते. तिथे नवे रुग्णालय उभे राहिले नव्हते, की कोणी बालरोगतज्ज्ञ मुक्कामाला आला नव्हता. हे काम केले होते त्याच गावांत राहणाऱ्या, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायकांनी. ते करून दाखवायला १९९९ का उजाडावे लागले, हे समजून घेण्यासाठी शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

२/
बाळंतपणाच्या इतिहासात आपण सहसा रुग्णालये मोजतो, खाटा मोजतो, पहिली महिला डॉक्टर कोण ते पाठ करतो. या थ्रेडमध्ये प्रश्न थोडा निराळा आहे. कळा सुरू झाल्या त्या घटकेला बाईजवळ कोण होते? तिला काय येत होते? आणि जे येत होते ते करण्याची तिला मुभा होती का? यातला तिसरा प्रश्न इतिहासकारांच्या नजरेतून बहुधा सुटतो. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

३/
एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत असे: सुईण. ती बहुधा न्हावी, मांग किंवा महार समाजातील असे आणि तिची विद्या सासूकडून सुनेकडे किंवा आईकडून लेकीकडे जाई. बाळंतपण म्हणजे विटाळ. नाळ कापणे, वार पुरणे, रक्ताने भरलेली लुगडी धुणे ही कामे करणारीही विटाळलेली. म्हणजे ज्या कामावर दोन जिवांची मदार, ते कोणी करायचे हे कौशल्याने नव्हे, जातीने ठरत होते. मोबदला म्हणजे पसाभर धान्य, खण-नारळ, क्वचित लुगडे. मुलगा झाला तर थोडे अधिक.

४/
सुईणीला काहीच येत नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शेकडो बाळंतपणे हाताखालून गेलेली बाई कळांची गती ओळखते, पोटावर हात ठेवून मूल आडवे आहे की उभे ते सांगते, धीर देते, वाट पाहते. तिला जंतू ठाऊक नव्हते. पण १८६० पर्यंत ते युरोपातील नामांकित डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. नाळ विळ्याने कापली जाई, त्यावर राख लावली जाई, आणि त्या वाटेने धनुर्वात बाळाच्या अंगात शिरे. धनुर्वाताची लक्षणे बहुधा पहिल्या आठवड्याच्या आसपास दिसतात. पाचवीला सटवाईची पूजा करून रात्र जागवणाऱ्या बायकांना या दिवसांचे भय पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने कळले असावे, असे मला नेहमी वाटते.

५/
आता एका ओळखीच्या नावाकडे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांचे होऊन गेले. पुढे १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची किती निकड आहे हे जाहीरपणे मांडले. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू परंपरेतील प्रसूतिशास्त्राचा. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागासाठी त्यांची नेमणूक झाली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा मृत्यू झाला, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी.

६/
त्याच सुमारास मुंबईत एक वेगळी जुळवाजुळव चालली होती. जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी सुधारक यांनी स्त्री डॉक्टर आणण्यासाठी निधी उभारला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली. इंग्लंडमधून एडिथ पिची आल्या. एडिंबरो विद्यापीठाचे दार स्त्रियांसाठी ठोठावणाऱ्या पहिल्या फळीतील या बाई. १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले आणि त्याचा कारभार स्त्री डॉक्टरांच्या हाती राहिला. ग्रँट मेडिकल कॉलेजनेही १८८३ पासून मुलींना प्रवेश दिला.

७/
ही मोठीच गोष्ट होती, यात शंका नाही. पण ती मुंबईत होती. १८८५ मध्ये व्हाइसरॉयपत्नी लेडी डफरिन यांच्या नावाने देशव्यापी निधी स्थापन झाला. त्याची उद्दिष्टे तीन: स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण, स्त्रियांना उपचार, आणि प्रशिक्षित परिचारिका व सुइणींचा पुरवठा. पहिल्या दोन उद्दिष्टांच्या इमारती आजही अनेक शहरांत उभ्या आहेत. तिसऱ्याची इमारत होत नाही, म्हणून कदाचित ते मागे राहिले.

८/
१९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड निघाला, तो खास दाईंना शिकवण्यासाठी. देशभरातील डॉक्टरीणबाईंचे अनुभव गोळा करून १९१८ मध्ये या निधीच्या वतीने एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातला एकंदर सूर निराशेचा आहे. दाया वर्गाला येत नाहीत, पैसे दिले तर येतात, शिकतात, आणि घरी जाऊन पुन्हा पूर्वीसारखेच करतात.

९/
इथे क्षणभर थांबून दाईच्या बाजूने पाहू. वर्गाला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. शिकवले जाते ते रुग्णालयात, जिथे उकळलेले पाणी, कार्बोलिक, स्वच्छ कापड हाताशी आहे. गावात परतल्यावर यातले काहीच नाही. बाळंतिणीच्या खोलीत कोणते कापड वापरायचे हे सासू ठरवते, आणि ते घरातले सर्वांत जुने, टाकाऊ कापड असते, कारण नंतर ते फेकायचेच असते. दाईने हुकूम करावा तर तिला त्या घराच्या ओसरीवरही मान नाही. तिच्या हातांची तपासणी पानोपानी झाली. तिच्या हाती काय दिले, याचा हिशेब मात्र थोडक्यात आटोपला.

१०/
एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. हिंदुस्थानातील दाईला अडाणी ठरवणाऱ्या इंग्लंडने आपल्या सुइणींसाठी शिक्षण आणि नोंदणीचा कायदा केला तो १९०२ मध्ये. म्हणजे कर्झनबाईंच्या फंडाच्या जेमतेम एक वर्ष आधी!

११/
युरोपातच एका देशाने हे कोडे फार पूर्वी सोडवायला घेतले होते: स्वीडन. तेथील चर्चच्या पाद्र्यांकडून १७४९ पासून देशभरातील जन्म-मृत्यूंच्या नोंदी गोळा होऊ लागल्या. त्या पाहून १७५१ मध्ये तेथील वैद्यक मंडळाने सांगितले की बाळंतपणात मरण पावलेल्या ६५१ स्त्रियांपैकी किमान ४०० वाचल्या असत्या, जर पुरेशा सुइणी असत्या. मग शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या बायका राजधानीत आणून शिकवल्या गेल्या आणि आपापल्या परगण्यात पगारावर परत पाठवल्या गेल्या.

१२/
स्वीडनचा खरा धाडसी निर्णय १८२९ चा. अडलेल्या बाळंतपणात चिमटा आणि इतर हत्यारे वापरण्याची परवानगी त्यांनी खास शिक्षण घेतलेल्या सुइणींना दिली. युरोपात अन्यत्र चिमटा म्हणजे डॉक्टरांची मिरास! पण स्वीडनमध्ये अंतरे लांब, हिवाळे कठीण, आणि डॉक्टर मोजके. डॉक्टर पोहोचेपर्यंत बाई दगावणार, हे उघड होते. १८८१ पासून जंतुनाशक पद्धतीही सुइणींना बंधनकारक झाली. शतकाच्या अखेरीस बहुतेक बाळंतपणे घरीच होत होती, तरी स्वीडनमधील मातामृत्यूचे प्रमाण इंग्लंडपेक्षा बरेच कमी होते. हे उदाहरण ध्यानात ठेवा. गडचिरोलीत ते पुन्हा उपयोगी पडणार आहे.

१३/
पुन्हा महाराष्ट्रात. जातीचा अडसर मोडण्याचा पहिला संघटित प्रयत्न पुण्यातील सेवासदनचा. १९०९ पासून रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने घरंदाज कुटुंबांतील स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचारिका आणि सुइणीच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडले. परक्यांची मलमूत्रे काढायची, विटाळात हात घालायचा, आणि तेही चार लोकांदेखत! त्या काळच्या पुण्यात ही टीकेची आणि टिंगलीची बाब होती. आज नर्स हा शब्द आपण सहज उच्चारतो. त्यामागे या स्त्रियांनी गिळलेले अपमान आहेत.

१४/
मुंबईच्या गिरणगावात प्रश्नाचे आणखी एक रूप दिसत होते. चाळीच्या दहा-बाय-दहाच्या खोलीत बाळंत होणारी गिरणी कामगार बाई चार दिवसांत साच्यावर परत जाई, नाहीतर मजुरी बुडे. १९२६ मध्ये परळला नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडले. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी समर्थन केले आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. (यावर स्वतंत्र थ्रेड व्हायला हवा.)

१५/
स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या सगळ्या प्रयत्नांची गोळाबेरीज झाली ती भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात. दर हजार जन्मांमागे सुमारे २० मातांचा मृत्यू. वर्षाला सुमारे दोन लाख स्त्रिया केवळ बाळंतपणामुळे मरत असाव्यात, असा अंदाज. आणि प्रशिक्षित सुइणी? सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ५,०००. म्हणजे ६०,००० लोकांमागे एक. कामा, डफरिन, व्हिक्टोरिया फंड, मिशनची रुग्णालये, सगळे धरून साठ वर्षांची कमाई ही एवढी.

१६/
समितीने फार मोठ्या संख्येने सुइणी तयार करण्याची शिफारस केली आणि तोवर गावच्या दाईंना शिकवत राहावे, असेही सुचवले. १९५० च्या दशकात नवे पद निर्माण झाले: सहाय्यक परिचारिका प्रसविका, इंग्रजी आद्याक्षरांत एएनएम. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात भर प्रसूतीवर. गावाने तिला साधे नाव दिले, नर्सबाई.

१७/
नर्सबाईची कथा हा या थ्रेडमधला सर्वांत दुःखद भाग आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. विशी-बाविशीची मुलगी परक्या गावात, उपकेंद्राच्या एका खोलीत. दाराला धड कडी नाही, संडास नाही, रात्री-अपरात्री हाकारा आला तर सोबत कोण? पाच हजार लोकवस्तीला ती एकटी. पण एवढ्यावर भागले नाही. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून कुटुंब नियोजनाची उद्दिष्टे तिच्या डोक्यावर बसली. महिन्याला किती 'केसेस' आणल्या, यावर तिची नोकरी, बदली, वेतनवाढ. गावात शिरताना जिच्याकडे बायका विश्वासाने पाहत, तिला पाहून आता दारे लागू लागली.

१८/
मग कर्तारसिंग समितीच्या १९७३ च्या अहवालानुसार ती बहुउद्देशीय आरोग्य सेविका झाली. लसीकरण, हिवताप, नोंदवह्या, शिबिरे. १९७७ मध्ये तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांवरून दीड वर्षावर आला, आणि कात्री लागली ती मुख्यतः प्रसूतीच्या शिक्षणाला. नावात प्रसविका, हातात नोंदवही. एका पिढीत सरकारने स्वतःच घडवलेली सुईण स्वतःच मोडीत काढली, असे मी म्हणेन. हे विधान कठोर वाटले तरी मागे घेणार नाही.

१९/
त्याच काळात दाई प्रशिक्षणाची मोहीमही जोरात होती. महिनाभराचे शिक्षण आणि एक पेटी. तिच्यात ब्लेड, दोरा, साबण. गर्भवतींना धनुर्वाताची लस मिळू लागली आणि नाळ स्वच्छ कापली जाऊ लागली, याचा बाळांना निश्चित फायदा झाला. पण रक्तस्राव सुरू झाला, झटके आले, मूल अडकले, की दाईजवळ सांगण्यासारखे एकच: मोठ्या दवाखान्यात न्या. दवाखाना चाळीस किलोमीटरवर, आणि मध्ये नदी.

२०/
१९७० मध्ये जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. आरंभी त्यांनी गावांत शिकलेल्या नर्स ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, शिकत, एकमेकींना सांगत आणि परत जात. गावातील सर्वांत खालच्या पायरीवरची बाई गावाची आरोग्य सल्लागार होते, हा इथला क्रांतिकारक भाग. वैद्यकातल्या क्रांतीइतकाच समाजातला.

२१/
आता गडचिरोली. १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झालेला, जंगलांचा, आदिवासींचा जिल्हा. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी इथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. पहिले काही काळ त्यांनी लोकांना मोजले, ऐकले. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांतील ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होता आणि उपचार घेतलेल्या फारच थोड्या. १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आले, तेव्हा बाईच्या आरोग्याचा विचार गरोदरपण आणि कुटुंब नियोजन यांपुरता करणाऱ्या जगाला धक्का बसला.

२२/
पुढचा प्रश्न न्यूमोनियाचा. लहान मुलांचे मोठे मारेकरी दुखणे. निदान सोपे आहे: श्वास मोजायचे. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक, त्याहून मोठ्याचा पन्नास किंवा अधिक, तर धोका. अडचण अशी, की गावच्या दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हते. इथे दोन मार्ग होते. एक, दाई निरुपयोगी म्हणून अहवाल लिहायचा, १९१८ सारखा. दुसरा, मोजण्याची रीत बदलायची.

२३/
त्यांनी एक साधे यंत्र बनवले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ, शेजारी मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यासाठी, एक मोठ्या बाळासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ओळीतले मणी संपले, तर न्यूमोनिया. मग औषध सुरू. शंभर वर्षांच्या दाई प्रशिक्षणाच्या इतिहासात मला हे यंत्र सर्वांत महत्त्वाचे वाटते. इथे प्रथमच कोणीतरी बाईला साधनाच्या मापात न बसवता साधन बाईच्या मापाचे केले.

२४/
न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाले. उरले ते अगदी कोवळे, पहिल्या महिन्याच्या आतले. बहुतेक बाळंतपणे घरीच होत होती. १९९५-९६ मध्ये घरी जन्मलेल्या ७६३ बाळांचे महिनाभर निरीक्षण झाले. जवळजवळ निम्म्या बाळांना जिवावर बेतू शकेल असा काही ना काही त्रास होता. त्यांतली डॉक्टरपर्यंत पोहोचली ती बोटांवर मोजण्याइतकी. कारणे गरिबी, अंतर, आणि सव्वा महिना बाळ-बाळंतिणीने घराबाहेर पडायचे नाही हा रिवाज. बाळ दवाखान्यात येणार नसेल, तर दवाखान्याने बाळाकडे जायला हवे.

२५/
३९ गावांत आरोग्यदूत म्हणून स्त्रिया निवडल्या गेल्या. बाळंतपणाच्या वेळी दाई आईकडे पाही, आरोग्यदूत बाळाकडे. दाईला हटवले नाही, तिच्या शेजारी दुसरी बाई बसवली. मनुष्यबळाच्या दृष्टीने ही फार शहाणपणाची गोष्ट, कारण जन्मानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत एकाच व्यक्तीने रक्तस्राव होणारी आई आणि न रडणारे बाळ दोन्ही सांभाळणे जवळजवळ अशक्य असते. आरोग्यदूताच्या पिशवीत वजनकाटा, तापमापक, श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा देण्यासाठी नळी आणि मुखवटा, अशक्त बाळाला उबेत ठेवण्यासाठी शिवलेली झोपण्याची पिशवी. शिवाय इंजेक्शनची सिरिंज आणि जेंटामायसिन.

२६/
या शेवटच्या वस्तूवर सगळे वादळ उठले. नववी शिकलेली बाई दोन किलोच्या बाळाला प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणार? मात्रा चुकली तर? सुई शिरेत गेली तर? हे आक्षेप केवळ अहंकारातून आलेले होते असे समजू नये. त्यात रास्त भीतीही होती. नियम असा ठेवला गेला: सेप्सिसची, म्हणजे रक्तातल्या जंतुसंसर्गाची, ठरावीक लक्षणे दिसली तर प्रथम रुग्णालयात नेण्याचा सल्ला द्यायचा. घरच्यांनी नकार दिला, तरच त्यांच्या संमतीने इंजेक्शन आणि तोंडावाटे कोट्रायमॉक्झाझोल. डॉक्टरची देखरेख ठरलेल्या दिवशी. १८२९ च्या स्वीडनमधला तो चिमटा आठवा. प्रश्न तोच होता, डॉक्टर वेळेत येणार नसेल तर हत्यार कोणाच्या हाती द्यायचे?

२७/
आकडे असे. १९९३-९५ मध्ये या ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ होता. १९९७-९८ मध्ये तो २५.५ वर आला. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो साठच्या आसपासच राहिला. सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्के झाले. तिसऱ्या वर्षी गावांतील ९३ टक्के नवजातांपर्यंत ही सेवा पोहोचली होती. दर बाळामागे खर्च पाच डॉलरच्या थोडा वर. दर अठरा बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता.

२८/
महाराष्ट्रात सात संस्थांनी 'अंकुर' प्रकल्पात हेच आपापल्या भागांत करून पाहिले आणि मृत्यू तिथेही घटले. बांगलादेशात, पाकिस्तानात अशाच धर्तीचे प्रयोग झाले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांच्या गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारने 'घरच्या घरी नवजात बाळाची काळजी' हा कार्यक्रम देशभर आशा कार्यकर्तींमार्फत सुरू केला.

२९/
इथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण गडचिरोलीचे कौतुक करताना ती अनेकदा विसरली जाते. आरोग्यदूताने बाळे वाचवली. अतिरक्तस्रावाने कोसळणाऱ्या आईला मात्र रक्त लागते, कधी शस्त्रक्रिया लागते, भूल देणारा लागतो. तिच्यासाठी सुसज्ज रुग्णालय आणि तिथे जाणारे वाहन यांना पर्याय नाही. म्हणून २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने रुग्णालयातील बाळंतपणाला रोख मदत दिली, ती दिशा योग्यच होती. देशात २००५-०६ मध्ये ३९ टक्के बाळंतपणे रुग्णालयात होत. २०१९-२१ मध्ये ८९ टक्के. महाराष्ट्राचे मातामृत्यू प्रमाण २००४-०६ मध्ये लाखामागे १३० होते, ते २०१८-२० मध्ये ३३ झाले. भोर समितीच्या लाखामागे दोन हजारांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहा.

३०/
पण बाई रुग्णालयात पोहोचली म्हणजे कुशल हातांत पोहोचली, असे नाही. एका परिचारिकेवर प्रसूतीच्या चार खाटा, घाई म्हणून सलाइनमधून कळा वाढवणे, आणि बाळंतिणीवर आरडाओरडा. प्रसूतीचेच सखोल शिक्षण घेतलेली, तेच काम करणारी सुईण भारताने १९७७ मध्ये सोडून दिली होती. तिची आठवण २०१८ मध्ये झाली. त्या वर्षी केंद्राने परिचारिकांना दीड वर्षाचे स्वतंत्र शिक्षण देऊन प्रसूतितज्ज्ञ परिचारिका घडवण्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली.

३१/
आणि आरोग्यदूताच्या पिशवीचे काय झाले? देशभरातील आशाताईंकडे वजनकाटा गेला, तापमापक गेला, घड्याळ गेले, बाळाला गुंडाळायचे उबदार कापड गेले. इंजेक्शन मात्र पिशवीतून वगळले गेले. २०१४ मध्ये केंद्राने जेंटामायसिन देण्याची परवानगी दिली ती एएनएमला, ठरावीक परिस्थितीत. आशाताईने आजारी बाळ ओळखायचे आणि पुढे पाठवायचे.

३२/
सरकारी कागदावर आशा ही कर्मचारी नाही, मानसेवी कार्यकर्ती आहे. बाळ रुग्णालयात जन्मले असेल तर सहा गृहभेटी, घरी जन्मले असेल तर सात. शेवटची बेचाळिसाव्या दिवशी. प्रत्येक भेटीत वजन, ताप, श्वास, नाळ, स्तनपान, आईची विचारपूस आणि फॉर्म. या सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर कार्यक्रमाने ठरवलेला मोबदला २५० रुपये. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, तेव्हा त्यांच्या मागण्या मानधनवाढीच्या आणि दिवाळीच्या बोनसच्या होत्या.